बिदरी भांडें आणि त्याची कुळकथा

बिदर हें नांव मराठी मुलाच्या कानीं प्रथम पडतें तें इतिहासाच्या पुस्तकांतून नव्हे, तर दामाजीपंतांच्या कथेंतून. मंगळवेढ्याचीं कोठारें दुष्काळांत रयतेस मोकळीं करून दिल्याबद्दल बेदरच्या पातशहानें दामाजीपंतांस बोलावून घ्यावें, आणि ते जाऊन पोंचण्यापूर्वींच विठोबानें वेष पालटून दरबारांत धान्याची सारी रक्कम भरून टाकावी, हा प्रसंग कीर्तनांत ऐकला नाहीं असें मराठी घर विरळा. परंतु त्याच बेदरची दुसरीही एक खूण मराठवाड्यांतील जुन्या घरांतून सांपडते. ती कोनाड्यांत, फडताळांत किंवा माळ्यावरच्या पेटींत पडून असते, आणि तिच्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाहीं. काजळासारख्या काळ्या धातूच्या अंगांत रुप्याची वेलपत्ती बसविलेलें एखादें पानदान, एखादी सुरई, एखादें गुडगुडीचें बूड. हींच तीं बिदरी भांडीं.

आमच्या हिंगोलीच्या घरीं असें एक गुडगुडीचें बूड कैक पिढ्यांपासून आहे. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. एकोणिसाव्या शतकांत येथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि छावणी व कापसाची पेठ यांच्यामुळें गांवाची हैदराबादेकडे जा-ये चालू असे. तेव्हां बिदरी वस्तु येथवर येण्यांत नवल असें कांहींच नाहीं. पण घरांतील वडील मंडळींस इतक्या साध्या उगमानें समाधान कसें व्हावें? त्यांच्या सांगण्याप्रमाणें ही गुडगुडी बहामनी बादशहाच्या वेळची असून ती खास इराणांतून आलेल्या कारागिरानें घडविलेली होती. माझ्या आठवणींत तिच्यांतून कोणी धूर काढलेला नाहीं. वरची नळी व चिलीम केव्हांच हरवलेली. राहिलेल्या बुडांत मोरपिसें खोवून ठेवलेलीं असत.

एका दिवाळीच्या आधीं घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर हें बूडही अंगणांत आलें, आणि त्यास चिंच व राख यांचा भरपूर हात बसला. घासणारीचा यांत दोष नव्हता. चिंचेनें पितळ उजळतें, तर हें काळवंडलेलें भांडें कां उजळूं नये, असा तिचा सरळ हिशोब होता. भांडें उजळलें नाहीं. त्याची एक बाजू राखाडी, निस्तेज झाली. रुप्याचीं फुलें आणि त्यांच्या मागचा धातु यांत कांहीं भेदच राहिला नाहीं. दोन-तीन ठिकाणीं सैल झालेली रुप्याची तार उखडून गेली ती मोरीच्या पाण्यांत कोठें गेली तें कळलें नाहीं. काळा रंग हा मळ नव्हता, तोच त्या भांड्याचा खरा अलंकार होता, हें आम्हांस तो गेल्यावर समजलें. या भांड्याच्या कुळाची चौकशी मीं आरंभिली ती तेथपासून.

इराणी कारागिराची कथा ही केवळ आमच्या घरचीच नव्हे. बिदरांत ती सर्वतोमुखीं आहे. अहमदशहा वली बहामनी (कारकीर्द १४२२ ते १४३६) यानें गुलबर्ग्याहून राजधानी बिदरास आणली, तेव्हां अब्दुल्ला बिन कैसर नांवाचा कारागीर इराणांतून आला, व त्यानें ही विद्या येथल्या लोकांस शिकविली, असें सांगतात. बिदर आणि इराण यांचें त्या काळीं दळणवळण होतें यांत संशय नाहीं. महमूद गवान हा वजीर गीलान प्रांतांतला. त्यानें १४७२ च्या सुमारास उभारलेल्या मदरशाच्या भिंतींवर इराणी धर्तीच्या रंगीत फरशा अजून दिसतात. मात्र बहामनी काळाची निश्चित ठरलेली, सन घातलेली अशी एकही बिदरी वस्तु दाखवितां येत नाहीं. ज्यांचा काळ खात्रीनें सांगतां येतो अशा वस्तु सतराव्या शतकापासून पुढच्या आहेत. म्हणजे कथा आणि वस्तु यांत दोनशें वर्षांचें अंतर पडतें.

तरीही कथेंत तथ्यांश आहे. एका धातूच्या अंगांत दुसरा धातु ठोकून बसविण्याची कला पश्चिम आशियांत बिदरच्या कितीतरी आधीं पूर्णत्वास पोंचलेली होती. हेरात शहरांत ११६३ सालीं तयार झालेली एक बादली आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे. तिच्या अंगावर रुप्याच्या व तांब्याच्या आकृतींचे पट्टे एकावर एक असून त्यांत शिकार आहे, खेळ आहेत, मेजवानी आहे. आणि लेखांत ती कोणीं करविली, कोणासाठीं करविली, ओतणारा महंमद बिन अब्दुल वाहिद, नक्षी करणारा मसूद बिन अहमद, अशीं सर्वांचीं नांवें नमूद आहेत. ज्यासाठीं ती घडविली तो कोणी राजा नव्हे, व्यापारी होता! पुढें तैग्रिस नदीवरील मोसल शहरानें या कामांत मोठें नांव मिळविलें. शुजा बिन मना यानें १२३२ सालीं मोसल येथें केलेली पितळेची झारी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. तिच्यावरही कर्ता, गांव व साल हीं तिन्ही कोरलेलीं आहेत. तेराव्या शतकांत मोंगलांच्या धाडींनीं ते कारागीर विखुरले, आणि दमास्कस व कैरो येथें हीच कला ममलूक सुलतानांच्या आश्रयानें वाढली.

त्या ममलूक काळचें एक मोठें घंगाळ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे, आणि आमच्या घरच्या गोष्टीशीं त्याचें फार जवळचें नातें आहे. महंमद बिन अल-झैन या कारागिरानें त्यावर आपली सही एक-दोन नव्हे, सहा ठिकाणीं केली आहे. हें घंगाळ फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेलें व राजपुत्रांच्या बाप्तिस्म्यास वापरलें जाऊं लागलें. बारशाचें पात्र म्हणून त्यास संत लुई या पुण्यशील राजाचें नांव चिकटलें, आणि तें त्याच्या वेळचें आहे असें लोक मानूं लागले. परंतु संत लुई १२७० सालीं वारला. आणि घंगाळ घडलें तें चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. घरांतील वस्तूस थोर माणसाचें नांव लावण्याचा मोह फ्रान्सच्या राजांस आवरला नाहीं, तेथें हिंगोलीच्या गृहस्थास काय दोष द्यावा?

आतां हीं पश्चिमेकडील भांडीं आणि आमचीं बिदरी भांडीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे साम्याइतकाच भेदही नजरेंत भरतो. मोसलच्या झारीचें अंग पितळेचें, म्हणजे पिवळें. त्यावर रुपें बसविलें तरी पांढरें आणि पिवळें यांत पुरेसा उठाव येत नाहीं. म्हणून मधल्या खोलगट जागा काळ्या राळेसारख्या लुकणानें भरून घेत. तें लुकण काळानें झडून जातें. बिदरच्या कारागिरानें निराळीच युक्ति काढली. त्यानें वरून काळें भरलें नाहीं. धातूच असा निवडला कीं तो स्वतः काळा व्हावा आणि रुपें पांढरें राहावें. धातूंत धातु ठोकण्याची विद्या बाहेरून आली असेल; पण ही काळेपणाची कल्पना ज्या धातूवर उभी आहे तो बव्हंशीं जस्त आहे, आणि जस्ताच्या बाबतींत हिंदुस्थान इतर देशांच्या फार पुढें होता.

जस्त हा मोठा खोडकर धातु आहे. तांबें, लोखंड यांचे दगड भट्टींत घातले म्हणजे धातु वितळून खालीं येतो. जस्ताचें तसें नाहीं. तें ९०७ अंश उष्णमानावर वाफ होऊन उडूं लागतें, आणि दगडांतून तें सुटावयास त्याहूनही अधिक उष्णता लागते. म्हणजे हातीं येण्याआधींच तें धुरांतून निघून जावयाचें. ही वाफ कोंडून थंड करण्याची युक्ति मेवाडांतील जावर येथल्या लोकांनीं मध्ययुगांतच साधली होती. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावून, वर आग व खालीं थंड भांडें ठेवून, तेथें जस्त टिपून घेत. एकेका भट्टींत अशा ३६ मुशी असत. आमच्या रसशास्त्रज्ञांसही ही गोष्ट ठाऊक होती. ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथांत रसक नांवाच्या खनिजापासून कथलासारखें सत्त्व काढण्याची कृति दिलेली आहे. युरोपांत विल्यम चॅम्पियन या इंग्रजानें जस्त गाळण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. पुढें चीनमधूनही जहाजांनीं पुष्कळ जस्त हिंदुस्थानच्या बंदरांत उतरूं लागलें. जेथें जस्त दुर्मिळ होतें तेथें बिदरी उपजली नाहीं हें यावरून सहज लक्षांत येईल.

निव्वळ जस्तानें मात्र भागत नाहीं. त्यांत थोडें तांबें लागतेंच. हल्लींचे कारागीर सोळा भाग जस्तास एक भाग तांबें असें प्रमाण सांगतात. डॉ. बेंजामिन हेन यांनीं १८१४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत सोळा औंस तांबें, चार औंस शिसें व दोन औंस कथील एकत्र वितळवून, त्यांतील दर तीन औंसांस सोळा औंस जस्त मिळवावें, अशी रीत दिली आहे. हें मिश्रण मातींत एरंडेल व राळ कालवून केलेल्या सांच्यांत ओततात. ओतीव भांडें कांतून, कानशीनें घासून गुळगुळीत झालें कीं त्यावर मोरचुदाचें पाणी फिरवितात. त्यामुळें अंग तात्पुरतें काळसर होतें व त्यावर टोकदार कलमानें काढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग छिन्नीनें ती नक्षी खोदून चरांत रुप्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा. तार बसविली तर तें काम ‘तारकशी’. खोल खोदून पत्रा बसविला तर ‘तहनिशान’. रुपें पृष्ठभागावर उठून दिसेल असें ठेवलें तर ‘जरनिशान’. आणि फुलाच्या आकाराएवढा पत्रा कापून काढून उरलेलाच पत्रा अंगावर बसविला, म्हणजे रुप्याच्या जमिनीवर काळें फूल उमटलें, तर त्यास ‘आफताबी’ म्हणतात. नांवें सारीं फारसी आहेत. पण बिदरांत हें काम करणाऱ्या घराण्यांत मुसलमान होते तसेच लिंगायतही होते.

सर्वांत शेवटीं काळें करण्याची कृति. तीच या कलेचा प्राण. बिदरच्या किल्ल्यांतील, ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या जागेची माती आणावयाची, नवसागराबरोबर पाण्यांत कालवावयाची, व भांडें तापवून त्यास तें चोळावयाचें. कांहीं क्षणांतच अंग काळेंभोर होतें, आणि रुपें होतें तसेंच पांढरें राहतें. मातीचें हें सामर्थ्य ऐकून चमत्कार वाटतो. पण ज्यांच्या वाड्याच्या जुन्या भिंतीस लोणा लागलेला आहे त्यांस तें समजावयास कठीण जाऊं नये. अंधाऱ्या, कोरड्या जागीं मातींत सोऱ्यासारखे क्षार वर्षानुवर्षें सांठत जातात. ते व नवसागर मिळून पृष्ठभागावरील जस्त खाऊन टाकतात. मागें राहिलेल्या तांब्याच्या अंशापासून काळा थर बनतो. म्हणूनच मिश्रणांत तांबें हवें. आणि म्हणूनच चिंचेची आंबटाई लागली कीं तो पातळ थर निघून खालचें राखाडी जस्त उघडें पडतें.

येथवर धातूची हकीकत झाली. आतां गुडगुडीचा काळ. ही शंका खरें म्हणजे आम्हांस कोणींही सांगितल्यावांचून यावयास हवी होती. गुडगुडी तंबाखूसाठीं, तंबाखू अमेरिकेंतली, ती हिंदुस्थानांत पोर्तुगीजांच्या मार्फत आली. मोंगल दरबारानें तंबाखू प्रथम पाहिली ती दक्षिणेंतूनच गेलेली. अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परततांना ती घेऊन गेला, व १६०४ च्या सुमारास त्यानें जडावाचा हुक्का सिद्ध करून बादशहापुढें ठेवला. अकबरानें दोन-चार झुरके घेतले, आणि हकीमांनीं ‘अज्ञात औषध घेऊं नये’ म्हणून त्यास अडविलें. (हकीमांचा सल्ला तीनशें वर्षांनीं तरी कोणी मानला असता तर बरें झालें असतें.) बहामनी सत्ता सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच मावळली होती. तेव्हां बहामनी बादशहाची गुडगुडी ही गोष्ट मुळांतच संभवत नाहीं.

आकारही हेंच सांगतो. सतराव्या शतकांतील हुक्क्यांचीं बुडें नारळासारखीं गोल असत व तीं कड्यावर बसवावीं लागत. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सपाट तळाचें, घंटेच्या घाटाचें बूड प्रचारांत आलें. बैठकींत तें लवंडत नाहीं ही त्याची सोय. आमचें बूड घंटेच्या घाटाचें आहे. म्हणजे तें फारच जुनें म्हटलें तरी निजामशाहीच्या, आसफजाही राजवटीच्या काळांतलें. उदगीरच्या लढाईच्या, म्हणजे १७६० च्या, कांहीं वर्षें अलीकडचें किंवा पलीकडचें. घरांत हें सांगितलें तेव्हां वडिलांचा चेहरा पडला. एका वाक्यांत मीं कुळाचीं तीनशें वर्षें कमी केलीं होतीं.

यापुढची गोष्ट बिदरची. राखाडी झालेलें तें बूड पंचांत गुंडाळून, नांदेड, देगलूर, औराद या वाटेनें मी बिदरास गेलों. आधीं किल्ला पाहिला. तेथें रंगीन महाल म्हणून एक छोटासा महाल आहे. अली बरीद शहानें (कारकीर्द १५४२ ते १५८०) तो सजविला. आंतील दाराभोंवतीं कुळकुळीत काळ्या दगडांत मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी व अक्षरें काढलेलीं आहेत. मी कितीतरी वेळ तेथें उभा राहिलों. काळ्यावर पांढरें, आणि तेंही वरून रंगविलेलें नव्हे, आंत बसविलेलें! बिदरी भांड्यांचा खात्रीचा काळ ज्याच्या मागें लागलीच सुरू होतो, त्याच काळांत, त्याच किल्ल्याच्या आंत, हीच दृष्टि दगडावर काम करीत होती. इराणी कारागिराचें नांव खरें असो वा खोटें. डोळ्याला ही आवड लागलेली होती ती या गांवाची, असें माझें तरी मत झालें.

नंतर एका कारखान्यांत गेलों. कारखाना म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. चार माणसें जमिनीवर बसून छिन्न्या चालवीत होतीं. वयस्क कारागिरानें माझें भांडें हातांत घेऊन फिरविलें, चिंच लागलेली बाजू पाहून तो किंचित् हंसला, आणि कांहीं न विचारतां डब्यांतील मातीची चिमूट जिभेवर ठेवून त्यानें पाहिली. माती खरी आहे कीं नाहीं हें ते चवीवरून ओळखतात. भांडें तापलें, मातीचें पाणी लागलें, आणि माझ्या डोळ्यांदेखत राखाडी अंगावर काळोख पसरत गेला. त्यांतून रुप्याचीं अफूचीं फुलें एकामागून एक वर आलीं. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून त्यानें तें माझ्यापुढें ठेवलें. उखडलेल्या तारेच्या जागा मात्र तशाच राहिल्या. नवी तार बसवितां येईल, पण ती नवी म्हणून ओळखूं येईल, असें तो म्हणाला. तेव्हां त्या चरा मीं रिकाम्याच ठेवविल्या. भांडें कोणत्या काळचें असें मीं विचारलें, तर त्यानें काळ सांगितला नाहीं. काम दोन हातांचें आहे एवढेंच सांगितलें: पानें एकानें खोदलीं, फुलें दुसऱ्यानें. छिन्नीचा कोन निराळा पडतो.

हेरातच्या बादलीवर चार नांवें, ममलूक घंगाळावर एकाच कारागिराच्या सहा सह्या. आणि बिदरीच्या शेंकडों उत्तम भांड्यांवर बहुधा एकही नांव नसावें, ही गोष्ट मनास लागते. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनांत बिदरी वस्तु गेल्या व वाखाणल्या गेल्या. लंडनचें व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम, हैदराबादचें सालारजंग म्युझियम येथें त्यांचे मोठे संग्रह आहेत. पण पाट्यांवर गांव व शतक यांपलीकडे फारसें कांहीं लिहितां येत नाहीं. नांवाची ही रिकामी जागाच दंतकथा भरून काढतात. अब्दुल्ला बिन कैसर त्यांतूनच मोठा झाला असेल, आणि आमच्या घरचा इराणी कारागीरही. अलीकडे यांत थोडा पालट झाला आहे. बिदरी कामास २००६ सालीं भौगोलिक ओळखीची अधिकृत नोंद मिळाली. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

हैदराबाद संस्थानाच्या काळीं उदगीर, निलंगा, अहमदपूर हे मराठी तालुके बिदर जिल्ह्यांतच मोडत. १९५६ च्या प्रांतरचनेंत ते इकडे आले व बिदर म्हैसूर राज्यांत, म्हणजे पुढील कर्नाटकांत गेलें. तेव्हांपासून आमच्या घरांतलीं बिदरी भांडीं जणूं परमुलखांतलीं झालीं. पुष्कळ भांडीं मोडींत गेलीं. त्यांतील रुपें उकरून घेतलें कीं राहिलेल्या जस्तास किंमत ती काय! माझ्या ओळखीच्या एका घरीं पानदानाचें झांकण तेवढें उरलें आहे, व त्यावर कुंडी ठेवतात. दुसऱ्या एका घरीं दोन मीरफर्श, म्हणजे गालिचा उडूं नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवावयाचीं नक्षीदार वजनें, दाराच्या फळीला अटकाव म्हणून पडलेलीं आहेत. मूळचीं तीं चार असलीं पाहिजेत.

आमचें बूड पुन्हां आपल्या कोनाड्यांत बसलें आहे, मोरपिसांसह. आंत एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तिच्या एका अंगास लिहिलें आहे: चिंच, लिंबू, राख लावूं नये, मऊ फडक्यानें खोबरेलाचा हात फिरवावा. दुसऱ्या अंगास लिहिलें आहे: बिदर, अठराव्या शतकाचा मध्य किंवा त्यानंतर, कारागीर दोन. पाहुणे आले म्हणजे वडील तें खालीं काढून दाखवितात. बहामनी बादशहा अजून मधून मधून त्यांच्या तोंडीं येतो. पण हल्लीं ते भांडें उजेडाकडे धरतात, आणि पानें कोणतीं व फुलें कोणतीं हें पाहुण्यास ओळखावयास लावतात.